देवाने पाचर केलेला माणूस

आमच्या मंडळीत एक रीत आहे. कोणी प्रभूकडे गेलं की स्मरण-उपासनेला एक चारपानी पत्रिका वाटतात. पहिल्या पानावर फोटो, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि त्याखाली एक ओळ: ‘प्रभूने दिलेले कृपादान’. त्यापुढे एखाद-दुसरा शब्द. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या पत्रिकेवर ‘संगीत’ होतं. रविवारच्या शाळेच्या गुरुजींच्या पत्रिकेवर ‘शिक्षण’. माझ्या आत्याच्या पत्रिकेवर ‘आदरातिथ्य’ छापून आलं, तेव्हा आई माझ्या कानाशी पुटपुटली होती, “आदर तिला, आतिथ्य माझ्याकडे.”

बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. सकाळीच पाळकांचा फोन आला.

“ताई, पत्रिका उद्या दुपारी छापायला द्यायचीय. ती एक ओळ तेवढी राहिलीय.”

“विचार करतेय मी.”

“‘सेवा’ लिहू का? ते सगळ्यांना चालतं.”

“सगळ्यांना चालतं म्हणूनच नको.”

पाळक तरुण आहेत, दोनच वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेले. “बरं. तुम्हीच सांगा मग. पण कोरी नका ठेवू. कोरी ठेवली की लोक कुजबुजतात.”

आई टेबलाशी भाजी निवडत बसली होती. “काय म्हणतायत?”

“बाबांचं कृपादान विचारतायत.”

“त्यात विचारायचं काय? ताट वाढलं की नेमका तेव्हाच रंधा हातात घ्यायचा. हे दान दुसऱ्या कोणाला मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.” ती हसली. मग हातातल्या देठाकडे बघत तशीच बसून राहिली.

मला हसता आलं नाही. ती ओळ मला सुचत नव्हती असं नाही. ती एकतीस वर्षांपूर्वी लिहून झाली होती आणि मीच ती खोडली होती.

बाबा एका मोठ्या रुग्णालयाच्या कार्यशाळेत सुतारकाम करायचे. दारं, खुर्च्या, खाटांवरची जेवायची टेबलं सगळंच करत, पण त्यांचं खरं काम कुबड्यांचं. कुबडी ज्याची त्याला मापून द्यावी लागते. दोन बोटं लांब झाली तर काखेत रुतते, दोन बोटं आखूड झाली तर माणूस वाकतो आणि वाकलेलाच राहतो. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. मापं पेन्सिलीनं भिंतीवर लिहायचे. वाचायचे सावकाश, ओठ हलवत. कानानं मात्र एकदा ऐकलं की पक्कं.

मी चौदा वर्षांची होते. तेव्हाचे पाळक वयस्क आणि विद्वान होते आणि त्यांना कवळी होती. कवळी सैल होती. मोठा शब्द आला की एखादं अक्षर आत जायचं. त्या वर्षी त्यांनी सलग सहा रविवार कृपादानांवर प्रवचनं दिली, आणि दर रविवारी शेवटचं वाक्य एकच: ‘देवाने प्रत्येकाला पाचारण केले आहे.’ बाबा शेवटच्या बाकावर बसायचे, कारण मागचं दार करकरायचं आणि ते धरून ठेवायला कोणीतरी लागायचं. (दार दुरुस्त करायला पंचांचा ठराव लागत होता, आणि तो दर बैठकीत पुढे ढकलला जात होता.) तिथे त्यांना ऐकू आलं: ‘देवाने प्रत्येकाला पाचर केले आहे.’

दुसऱ्या कोणाला हे वाक्य चमत्कारिक वाटलं असतं. बाबांना ते लख्ख कळलं. सहा आठवडे आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता.

“हे बघ,” ते मला सांगायचे, “हातोडीचं डोकं लोखंडाचं. दांडा लाकडाचा. दोघंही चांगले, कोणात खोट नाही. तरी एक दिवस डोकं उडतं आणि कोणाच्या तरी कपाळात बसतं. का? मध्ये फट असते. दांड्याच्या टोकाला बोटाएवढी पाचर मारली की झालं, जन्मात हलत नाही. बाहेरून दिसते तरी का ती?”

“जेवा आता,” आई म्हणायची. “पाचरीनं पोट भरत नाही.”

“आणि पाळक म्हणतात ना, शरीर एक आणि अवयव अनेक. बाकीच्यांना ते प्रवचन वाटतं. एक पाय गेला की उरलेल्या शरीराला काय काय करावं लागतं, ते मी रोज बघतो. खांदा पाय होतो. डोळा पाय होतो. सगळे त्या फटीत जाऊन बसतात.”

सहाव्या रविवारी मंडळीत एक छापील अर्ज वाटला. त्यात शेवटचा प्रश्न होता, ‘प्रभूने आपणास कशासाठी पाचारण केले आहे?’ बाबांनी तो वाचला, पण डोळ्यांनी तेच वाचलं जे कानांनी सहा आठवडे ऐकलं होतं. त्यांनी खाली आपल्या चौकोनी अक्षरात उत्तर लिहिलं: ‘पाचर केले आहे, ते बरोबर. कुठे ढिले आहे ते दाखवा. बसतो.’

मंडळीच्या सेक्रेटरींनी तो अर्ज पंचांच्या बैठकीत मोठ्यानं वाचला. सेक्रेटरीकाकांचा आवाज खणखणीत आणि विनोद त्याहून खणखणीत. बाबा बैठकीत उठून प्रश्न विचारायचे, चाललेला ठराव अडायचा, याचा त्यांना जुना राग होता. “आजवर नुसतीच पाचर मारत होता,” ते म्हणाले, “आज लिहूनही दिलं!” सगळे पोट धरून हसले. पुढच्या रविवारी पायऱ्यांवर माझ्याच वर्गातल्या मुलींनी मला विचारलं, “तुझे बाबा कुठं बसले गं? ढिलं कुठं होतं?” तेव्हापासून बाबांचं नाव ‘पाचर’ पडलं. मोठे पाचरभाऊ म्हणत, लहान पाचरकाका.

त्या दुपारी मी शाळेचा शब्दकोश काढला. बाबा अंगणात हातोडीला नवा दांडा बसवत होते. मी कोश त्यांच्यासमोर उघडून ठेवला, त्यांचं बोट धरलं आणि शब्दावर टेकवलं.

“पाचर नाही, बाबा. पाचारण. पला काना, चला काना, मग र, मग ण.”

त्यांनी ओठ हलवत वाचलं. पुढचा अर्थ वाचला, ‘बोलावणे’. बराच वेळ बोट तिथंच होतं.

“अस्सं,” ते म्हणाले. “बोलावणं.” आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर जेवताना पाचरीचा विषय निघाला नाही. पंचांच्या निवडणुकीत कोणी त्यांचं नाव सुचवलं की ते हात जोडायचे. “आपल्याला कुठलं बोलावणं!” एकतीस वर्षं हेच उत्तर. मी पुढे भाषा शिकले, शिक्षिका झाले, देवाच्या बोलावण्याबद्दल मोठमोठ्या माणसांनी लिहिलेलं पुष्कळ वाचलं. त्यातल्या एकाही पानावर मला बाबांच्या त्या तीन वाक्यांइतकं सरळ काही सापडलं नाही. ‘दाखवा. बसतो.’ आणि चौदा वर्षांच्या मुलीनं लाजेपायी एक काना आणि एक ‘ण’ दाखवून ती त्यांच्याकडून काढून घेतली होती. आपल्याला देवानं कशालाच बोलावलं नाही असं समजून माझे बाबा गेले का, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर देणारा माणूस राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्यशाळेत गेले. बाबा निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी आठवड्यातून तीन दिवस ते तिथे जायचे. त्यांची हत्यारं न्यायची होती. कार्यशाळा रुग्णालयाच्या मागे आहे, धुलाईघर आणि गोदामाच्या मध्ये. आत आता ॲल्युमिनियमच्या कुबड्याच जास्त दिसल्या, बटण दाबून लांब-आखूड होणाऱ्या. भिंत मात्र तीच. खाली कमरेपासून वर हात पोचेल तिथपर्यंत पेन्सिलीची मापं, प्रत्येकापुढे तारीख. रबरी टोपणांचा डबा, मुठींना गुंडाळायच्या कापडाची भेंडोळी, आणि समोर दारापर्यंत रंगानं आखलेली दहा पावलांची रेघ.

चालायला शिकवणाऱ्या बाई तिथे होत्या. पन्नाशीच्या, चटपटीत, केस आखूड कापलेले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही काना-मात्रावाल्या ना?”

“काय?”

“भाऊ तसंच म्हणायचे हो. ‘आमची काना-मात्रावाली.’ चेहरा त्यांचाच आहे. बसा. तो स्टूल नको, तो डुगडुगतो. भाऊ आजारी पडल्यापासून कोणी हात लावला नाही त्याला.”

त्यांनी हत्यारं एका पेटीत नीट रचून ठेवली होती. पटाशा फडक्यात गुंडाळलेल्या. त्या गुंडाळणीची गाठ बाबांची नव्हती, पण बाबांसारखी मारण्याचा प्रयत्न होता.

“फार शिकवलं त्यांनी मला,” बाई म्हणाल्या. “मी पदवी घेऊन आले होते. सगळी हाडं तोंडपाठ. पहिल्या दिवशी एक माणूस कुबड्यांवर चालत होता आणि मी त्याचा पाय बघत होते. भाऊ म्हणाले, ‘बाई, पायाकडे सगळेच बघतात. त्याच्या तोंडाकडे बघा. कुबडी कुठं टोचते ते तोंडावर दिसतं.’ खरं होतं! माणूस लाजेनं सांगत नाही, पण तोंड सांगतं. सहा महिन्यांत मी नोकरी सोडायला निघाले होते, माहितीय? एक बाई माझ्या हातून पडली. वाटलं, हे आपलं काम नाही. राजीनामा लिहून पिशवीत ठेवला होता. तेव्हा भाऊंनी मला तुमची गोष्ट सांगितली.”

“माझी?”

“शब्दकोशाची.”

मी विचारलं, “काय सांगितलं?”

बाई हसल्या. हात मागे बांधून, मान जरा तिरकी करून उभ्या राहिल्या, अगदी बाबांसारख्या. “‘बाई, मंडळीत माझं हसं झालं होतं. माझी पोरगी चौदा वर्षांची. दुसरी असती तर रडत बसली असती, नाहीतर बापाला चुकवत फिरली असती. हिनं पुस्तक आणलं, माझं बोट धरलं आणि शब्दावर नेऊन ठेवलं. आवाज चढवला नाही. पुढं ओढलं नाही, मी वाचेपर्यंत थांबली. मला त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. पाचारण म्हणजे बोलावणं, ही एक. आणि माझ्या पोरीला कशासाठी बोलावलंय, ही दुसरी.’”

बाहेर धुलाईघराचं यंत्र फिरायला लागलं. मी पेटीच्या कडीला धरून बसले.

“मला म्हणाले, ‘शिकवणाऱ्याचा हात कसा असतो ते मी पाहिलंय, तो तुमच्याकडे आहे. एक बाई पडली म्हणून हात कुठं जातो?’ मी राजीनामा फाडला. बावीस वर्षं झाली.”

“आणि स्वतःबद्दल?” मी विचारलं. “स्वतःबद्दल काय म्हणायचे? आम्हाला तर म्हणायचे, ‘आपल्याला कुठलं बोलावणं.’”

“अहो, ते बैठकी टाळायला!” बाई मोठ्यानं हसल्या आणि मग माझ्याकडे बघून थांबल्या. “म्हणजे तुम्हाला खरंच वाटलं? मला सांगायचे की, ‘पंच झालो तर दर शनिवारी बैठक. मी तिथं ठरावावर बसणार आणि इथं एका पायावर उभा असलेला माणूस उभाच राहणार.’ आणि मी एकदा थेट विचारलं होतं. तुम्हाला कशाला बोलावलंय, भाऊ? तर म्हणाले, ‘शब्द माझ्या पोरीचा बरोबर. पण माझंही चुकलेलं नाही. बोलावलेला माणूस आपल्या जागी नीट बसला नाही तर डुगडुगतो. त्याला बसवायला कोणी नको?’ फुशारकी नव्हती हं. माप सांगावं तसं सांगितलं.”

मी तिथून उठले तेव्हा मला जे वाटत होतं त्याला दुःखच म्हणायला हवं. पण दुःखात मान अशी ताठ होते हे मला ठाऊक नव्हतं. त्या शब्दकोशाच्याच महिन्यात बाबांनी मला लिहायचं टेबल करून दिलं होतं. खिडकीच्या उंचीचं, माझ्या कोपराच्या मापाचं. मी समजत होते, पोरगी पायऱ्यांवरच्या मुलींत जाऊ नये, घरातच बसावी म्हणून केलं असेल. शाळा संपल्यावर मला नोकरीला लावा म्हणून नातेवाईक मागे लागले, तेव्हा बाबा सगळ्यांना एकच सांगायचे, “तिचं ठरलंय.” कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मी कधी विचारलं नाही.

रुग्णालयाच्या फाटकातूनच पाळकांना फोन लावला.

“लिहून घ्या. ‘देवाने त्यांना पाचर केले.’”

पलीकडे पेनाचा आवाज थांबला. “ताई… पाचारण ना?”

“पाचर.”

“लोकांना छपाईची चूक वाटेल.”

“मी भाषेची शिक्षिका आहे, पाळकसाहेब. वीस वर्षांत एक काना सोडलेला नाही. यात काना काय, एक अक्षरही वाढवू नका. आणि उपासनेत मला पाच मिनिटं हवीत.”

रविवारी मंडळी भरलेली होती. मागच्या दोन ओळींत मी कधी न पाहिलेले लोक होते, बाकांच्या कडेला कुबड्या टेकवून बसलेले. पत्रिका वाटल्या गेल्या आणि ती ओळ वाचली गेल्याचं मला ऐकू आलं. आधी कागदांची सळसळ, मग कोणीतरी दाबलेलं हसू, मग जाणत्यांनी अजाणत्यांना कानात सांगणं. आई माझ्या शेजारी सरळ बसली होती. मी तिला घरी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, “ही युक्ती मला सांगितली असती तर मीही बैठकीचं कारण सांगून तुझ्या आत्याला टाळलं असतं.”

मी पुढे गेले. कवळी सांगितली, अर्ज सांगितला, शब्दकोश सांगितला. लोक हसले, आणि या वेळी मी हसू दिलं. मग मी म्हणाले, “आपण कृपादानांची यादी करतो. गाणं, शिकवणं, बोध करणं, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. माझ्या बाबांचं दान त्या यादीत कुठे लिहायचं ते आपल्याला कळलं नाही, कारण ते नेहमी दुसऱ्याच्या दानाखाली होतं. माझ्या खाली ते आहे. मला ते एकतीस वर्षं दिसलं नाही. बाबांना शब्द चुकीचा ऐकू आला होता, बोलावणं नाही. मी त्यांची मुलगी आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.”

मी जागेवर येऊन बसले. पाळक प्रार्थनेला उठणार, तेवढ्यात डाव्या बाजूनं सेक्रेटरीकाका उभे राहिले. आता ऐंशीच्या पुढे, पण आवाज तोच. आईनं माझा हात धरला.

“तो अर्ज मी वाचला होता,” ते म्हणाले. “नावही मीच ठेवलं. हे आज ज्यांना नव्यानं कळलं त्यांनी ऐकून घ्यावं. पण पुढचं कोणालाच माहीत नाही, ते सांगतो. मी तेव्हा गायकांमध्ये होतो. सगळ्यात पुढे.”

“आठवतं आम्हाला!” मागून कोणीतरी म्हणालं.

“आठवणारच. मी बेसूर होतो. पंचांना माहीत होतं, पाळकांना माहीत होतं, माझ्या बायकोला तर फारच माहीत होतं. पण मला तोंडावर सांगितलं ते एकट्या पाचरनं. मी त्याला हसलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी. मला वाटलं, सूड घेतोय. म्हणाला, ‘तुमचा आवाज गाण्याचा नाही, साहेब. पण तुम्ही बोललात की आमच्या वॉर्डातला अर्धमेला माणूस उठून बसतो. गुरुवारी या.’ दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. मग एका गुरुवारी गेलो.” त्यांनी पत्रिकेची घडी घातली. “आज सत्तावीस वर्षं दर गुरुवारी जातोय. आजारी लोकांना भेटतो, माझे फालतू विनोद सांगतो. देवानं मला कशाला बोलावलं ते मला या वयात सांगता येतं. हे सगळ्यांना येत नाही.”

ते बसेनात. बोलायचं राहून गेलेलं कुठे ठेवावं हे न कळल्यासारखे उभेच राहिले. तेव्हा आई बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “बसा आता, सेक्रेटरीसाहेब. तुम्ही गायकांमधून उठलात त्या रविवारी घरी येऊन ते दोनदा जेवले होते.”

अख्खी मंडळी हसली. मीही हसले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, डोळे पुसत. ऑर्गनवर गीत सुरू झालं. सगळे उभे राहिले, मागचे लोकसुद्धा, बाकाला धरून, एकमेकांना धरून. पहिलं कडवं झालं आणि दुसऱ्या कडव्याला सेक्रेटरीकाकांनी आवाज लावला, खणखणीत, सगळ्यांच्या वर आणि पूर्णपणे बेसूर.

त्यांना सांगायला आता कोणी नव्हतं. ते शेवटच्या ओळीपर्यंत गायले.